एका ठोक्याचे शब्द

माझ्या यंत्राला बावीस कळा.
अक्षरामागून अक्षर नाही दाबायचं,
पियानोवर धरतात तशा चार-पाच एकदम,
की अख्खा शब्द उमटतो.
आणि जे सारखं सारखं बोललं जातं
त्याला एकच ठोका.

‘वस्तुस्थिती अशी आहे की’, एक ठोका.
‘सर्व संबंधितांना विश्वासात घेऊन’,
डावी तीन बोटं आणि अंगठा.
‘मी अगदी प्रामाणिकपणे सांगतो’
(हे म्हणणाऱ्याकडे मी मान वर करून बघते.
दर वेळी.)

एकतीस वर्षं झाली,
इन्व्हरकार्गिलच्या नगरसभेत, कधी कोर्टात,
लोकांचं बोलणं टिपते आहे.
माणसं बोलतात खूप, म्हणतात थोडं,
हे मला बोटांच्या सांध्यांनी सांगितलं.
नगरसेवक टटल सव्वा मिनिट बोलले एकदा,
एकोणीस ठोक्यांत मावले.
पुलाविषयी होतं.
पूल अजून नाही.

घरी रॉड्रिक.
ब्लफच्या धक्क्यावर बोटींची इंजिनं उघडून बसायचा,
आणि त्याचं एकच पालुपद,
‘होईल गं सगळं नीट.’

न्हाणीघरावरचं छप्पर गळतंय,
होईल गं सगळं नीट.
पोर पर्थला गेली ती फोन करत नाही,
होईल गं.
एकदा मी ताटलीच आपटली.
म्हटलं, होईल म्हणजे करणार कोण?
नाव सांग त्याचं, पत्ता दे.
तो गुडघ्यांवर बसून काचा वेचत होता,
वेचता वेचता
तेच म्हणाला.

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली
तेव्हाही म्हणाला.
मला नाही, डॉक्टरांना.
फार तरुण होते ते, घसा खाकरत होते.

मग शेजारीपाजारी आले, मफिनचे डबे घेऊन.
‘काही लागलं तर हाक मार.’
‘सुटला बिचारा.’
‘काळासारखं औषध नाही.’
मांडीवरच्या रुमालाखाली माझी बोटं
एकेक ठोका देत होती, आपली आपण.
राग नाही आला.
त्यांनाही दुसरं काही सापडलं नसेल घरात,
आणि रिकाम्या तोंडानं कसं यायचं?

डबे मात्र परत करायचे राहिलेत.

जूनमध्ये चौकशी लागली,
फोव्हो सामुद्रधुनीत बुडालेल्या
कालवांच्या बोटीची.
साक्षीला एरुएरा, डेकवरचा पोरगा, एकोणीस वर्षांचा,
कोट कुणा दुसऱ्याचा, बाह्या बोटांपर्यंत.
वकिलांनी विचारलं,
कप्तान शेवटचं काय म्हणाले?

तो पाण्याच्या ग्लासकडे बघत राहिला.
(अशा वेळी मी कळांवरून हात उचलते.
शांततेला ठोका नाही.)
मग म्हणाला,
‘म्हणाले, होईल रे सगळं नीट.’

आहे, याला ठोका आहे.
मीच बनवलेला,
ताटली फुटली त्या आठवड्यात, चिडून.
फक्त गंच्या जागी रे घालायचा.

बोटं खाली येईनात.

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं,
नोंद झाली?
मी म्हटलं, एक मिनिट.
आणि लिहिलं,
शाळेत पहिल्यांदा लिहावं तसं,
हो,
मग ई, मग ल,
प्रत्येक अक्षराला सबंध हात.
अख्खं कोर्ट थांबलं.
पोरगाही थांबला, माझ्या हातांकडे बघत,
जणू त्याचं वाक्य कुणी
पहिल्यांदाच वजन करून घेत होतं.

त्या दिवसाच्या प्रतीत एकही चूक नाही.
एका ओळीला वेळ जास्त लागला, इतकंच,
आणि वेळ काही कागदावर उमटत नाही.

घरी आले.
न्हाणीघरातली बादली काठोकाठ भरलेली.
ओतली.
परत तिथेच ठेवली.